आधी आपली तबकडी लावून पाहा!

मैत्रिणींनो, २०१२ साली आम्ही खराडीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि ह्यांनी होम थिएटरसाठी ब्लू-रे प्लेअर घ्यायचं मनावर घेतलं. डीव्हीडीच्या चित्रात ५७६ रेषा, ह्यात १०८०, हे आठवडाभर ऐकत होते. अमेरिकेतले भाऊजी फोनवर म्हणाले, "वहिनी, मी येताना आणतो, इथे स्वस्त पडतो."

माझा जीव मात्र मुलाच्या मुंजीच्या डीव्हीडीत अडकलेला. तीत सासूबाई मांडवात गाणं म्हणताहेत. तेवढाच त्यांचा आवाज घरात उरलाय. चौकशी केली तेव्हा कळलं, ब्लू-रेसाठी अमेरिका 'ए' विभागात, आपण 'सी'मध्ये. विभाग जुळला नाही तर पुष्कळ तबकड्या चालत नाहीत. शिवाय आपल्याकडची 'पाल' पद्धतीची डीव्हीडी तिकडचे बरेच प्लेअर दाखवतच नाहीत. भाऊजींना नको म्हणताना जड गेलं खरं!

मग तीच डीव्हीडी पिशवीत घालून दुकानात गेले. विक्रेता हसला. हसू दे बापडा! पहिल्या प्लेअरनं तबकडी नुसती गरगर फिरवून बाहेर टाकली. दुसऱ्यावर चित्र अडखळलं. तिसरा, सगळ्यांत स्वस्त, सुरळीत चालला. ह्यांना तो दिसायला मुळीच पसंत नव्हता. पण आईचा आवाज आला नि हे गप्पच झाले.

जुनं चित्र त्यानं नवं मात्र होत नाही हं. मोठ्या पडद्यावर सासूबाईंचा चेहरा पुसटच दिसतो. त्याच आठवड्यात डीव्हीडीच्या दोन प्रती करून घेतल्या. एक भाऊजींना दिली.