खंडूचा परवाना

शासकीय कामकाजात कागद असणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते कोणत्या क्रमाने झाले हेही महत्त्वाचे असते. खर्च कितीही रास्त असो, मंजुरीच्या आदल्या दिवशी झाला असेल तर लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप येणारच. हाच नियम कुत्र्यांनाही लागू आहे, याचा अनुभव मला २०२५ साली फरीदाबादेत आला.

माझी भाची आमच्याकडे राहून गुरुग्रामला नोकरी करीत असे. तिला नेदरलँड्समध्ये नोकरी मिळाली आणि १ जुलैला रुजू व्हायचे ठरले. सामान, व्हिसा, घरभाडे यांची तिला काळजी नव्हती. तिचा एकच प्रश्न होता, "मामा, खंडूचं काय?"

खंडू हा आमच्या सेक्टरच्या फाटकावरचा कुत्रा. पहारेकरी त्याला कालू म्हणत. भाचीने त्याला घरात आणले, नाव बदलले आणि चार वर्षे सांभाळले. त्याच्या एका कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी व लसीकरण करून त्याला पुन्हा रस्त्यावर सोडले होते, याची ती सरकारी खूण. दरवर्षीच्या लशींची नोंदवहीही तिने नीट ठेवली होती. तरीही युरोपच्या दृष्टीने त्या नोंदवहीला काही किंमत नव्हती. तिथला नियम असा, की आधी कुत्र्याच्या कातडीखाली पंधरा अंकी मायक्रोचिप बसवायची आणि मगच रेबीजची लस द्यायची. चिपच्या आधी दिलेली लस अमुक कुत्र्यालाच दिली याला पुरावा नाही, म्हणून ती धरली जात नाही. मंजुरीपूर्वीचा खर्च तो हाच!

चिप आणि लस एकाच दिवशी झाली, ५ जूनला. त्यानंतर किमान तीस दिवसांनी रक्त घ्यायचे आणि युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच तपासायचे. प्रतिपिंडांचे प्रमाण दर मिलिलिटरला अर्धे आंतरराष्ट्रीय युनिट किंवा त्याहून अधिक भरले पाहिजे. ते भरले तरी रक्त घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचे. म्हणजे सर्व काही सुरळीत झाले तरी चार महिने गेलेच.

या तीन महिन्यांविषयी घरात बरीच चिडचिड झाली. अहवाल चांगला आला, मग थांबायचे कशाला? मीही प्रथम ते कागदी घोडे नाचवणेच समजत होतो. पण त्यामागे कारण आहे. लशीमुळे रक्तात प्रतिपिंडे तयार झाली, एवढेच अहवाल सांगतो. लशीच्या आधीच एखादा पिसाळलेला प्राणी त्याला चावून गेला असेल, तर रोगाचा विषाणू आठवडे, कधी महिने शरीरात गुपचूप राहतो आणि लक्षणे दिसू लागली की मृत्यू जवळपास अटळ असतो. तीन महिने ही त्या विषाणूला उघडे पडण्यासाठी दिलेली मुदत आहे. पूर्वी ब्रिटनमध्ये याच कारणासाठी प्राण्यांना सहा महिने कोंडून ठेवीत. आता तोच काळ प्राणी आपल्या घरी काढतो, इतकाच फरक.

परंतु हा नियम सर्वांना नाही. संयुक्त अरब अमिराती किंवा मलेशिया या देशांची नावे युरोपच्या यादीत आहेत, तिथल्या कुत्र्याला ही रक्तचाचणी लागत नाही. भारताचे नाव यादीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगातील रेबीज मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के आपल्या देशात होतात. म्हणजे खंडूच्या प्रमाणपत्रात परीक्षा खंडूची कमी आणि आपल्या पशुवैद्यकीय व्यवस्थेची अधिक होती. अमेरिकेनेही भारताला धोक्याच्या देशांत धरले असून ऑगस्ट २०२४ पासून तिथले नियम आणखी कडक झाले. ऑस्ट्रेलिया तर भारतातून कुत्रा थेट घेतच नाही, त्याला आधी मान्यताप्राप्त देशात राहून यावे लागते.

इथे गोव्याचे उदाहरण मनात येते. तिथे २०१४ पासून राज्य शासन आणि 'मिशन रेबीज' ही संस्था गल्लोगल्ली फिरून, जाळी टाकून वर्षाला सुमारे पंच्याण्णव हजार कुत्र्यांना लस देत आले. कुत्र्यांमधील रोगाचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. २०२१ साली राज्याने स्वतःला रेबीज नियंत्रित क्षेत्र घोषित केले. तरीही म्हापशाचा कुत्रा आणि फरीदाबादचा कुत्रा युरोपच्या लेखी सारखाच, कारण यादी देशांची असते, राज्यांची नव्हे. हे गोव्यावर अन्यायाचे वाटते खरे. पण कुत्रा काही राज्याची सीमा पाहून थांबत नाही, हेही तितकेच खरे.

भाची जूनअखेर गेली आणि खंडू आमच्याकडे राहिला. मी त्याला मागाहून नेऊन सोडेन, असे आम्ही धरून चाललो होतो. पण नियमावलीत आणखी एक कलम निघाले. मालक आणि प्राणी यांच्या प्रवासात पाच दिवसांहून अधिक अंतर पडले, तर ती व्यापारी वाहतूक समजली जाते आणि तिला वेगळे, अधिक कडक नियम लागतात. म्हणून तिने दिवाळीत येऊन त्याला स्वतः न्यायचे ठरले. ७ जुलैला रक्त घेतले, अहवाल चांगला आला आणि दिवस मोजणे सुरू झाले.

अशात ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम आणि फरीदाबाद येथील भटकी कुत्री उचलून आश्रयस्थानांत ठेवा, पुन्हा रस्त्यावर सोडू नका. चावे आणि रेबीजने मरणारी लहान मुले ही त्यामागची वेदना होती आणि ती खोटी नव्हती. परंतु आमच्या सौभाग्यवतींची झोप उडाली. खंडू दिसतो रस्त्यावरच्याच कुत्र्यासारखा, त्यात कानाला खाच. संध्याकाळी फिरताना पट्टा सुटला आणि पालिकेची गाडी आली तर? ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर जो कागदोपत्री निर्दोष ठरणार होता, त्याला स्वतःच्या फाटकाबाहेर जाण्याची भीती. त्या दिवसांत आम्ही चिपचा क्रमांक आणि आमचा फोन पितळी बिल्ल्यावर कोरून त्याच्या गळ्यात घातला आणि फिरणे पहाटे पाचला नेले. २२ ऑगस्टला मोठ्या खंडपीठाने आदेश सुधारला : नसबंदी व लस देऊन कुत्री मूळ जागी सोडावीत, पिसाळलेली वा आक्रमक मात्र नाही. फाटकावरची उरलेली तिन्ही कुत्री तिथेच राहिली. त्यांना लस टोचून घेण्याचे काम मात्र आमच्या रहिवासी संघाला त्यानंतरच सुचले.

उरलेल्या काळात पिंजऱ्याची सवय लावली. कुत्र्याला आत उभे राहता, वळता आणि पाय पसरून निजता आले पाहिजे, हा विमान वाहतुकीचा दंडक. प्रथम दार काढून ठेवले आणि जेवण आत द्यायला सुरुवात केली, मग दार बसवले, मग ते मिनिटभर लावले. सप्टेंबरअखेर तो दुपारची झोप तिथेच घेऊ लागला. प्रवासात गुंगीचे औषध देऊ नये, असे डॉक्टरांनी बजावले होते. उंचीवर श्वास मंदावण्याचा धोका असतो.

फरीदाबादच्या एनएच-४ मध्ये देशाच्या वनस्पती संरक्षण व संगरोध संचालनालयाचे मुख्यालय आहे. आंब्याच्या कलमाला परदेशी जायचे असते, तर त्या खात्याचा वरिष्ठ दरवाजा आमच्या घराजवळच होता. प्राण्यांचे खाते वेगळे, मंत्रालय वेगळे. त्यासाठी दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला कापसहेड्याच्या संगरोध केंद्रात जावे लागले. प्रवासाच्या आधीच्या दहा दिवसांतच हे काम करायचे असते. तिथल्या पशुवैद्यांनी वाचकयंत्र खंडूच्या मानेवरून फिरवले, पंधरा अंक मोठ्याने वाचले आणि भाचीने ते कागदावरच्या प्रत्येक नोंदीशी ताडून पाहिले. लशीची तारीख चिपच्या आधीची नाही ना, हे त्यांनी दोनदा पाहिले. मला तो माणूस फार आवडला.

दिवाळीनंतरच्या रविवारी दोघे गेली. तिकडच्या पशुवैद्याने खंडूला युरोपचे प्राणी-पारपत्र दिले आहे. त्यात एक सोय आहे. पुढची प्रत्येक लस आधीच्या लशीची मुदत संपण्यापूर्वी दिली, तर जुलैमधला तो रक्ताचा अहवाल जन्मभर चालतो आणि सुटीत इकडे येऊन परत जाताना तीन महिने थांबावे लागत नाही. एक दिवस जरी उशीर झाला, तरी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ४ जून २०२६ ही तारीख भाचीच्या दिनदर्शिकेत होती तशीच आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावरही होती. तिच्याभोवती मामींनी लाल शाईने दोन वर्तुळे काढली होती.