मौद्याहून नागपूर, आठवड्यातून दोनदा

सोमवारी आणि गुरुवारी फजरची नमाज झाली की आमच्या अंगणात व्हॅनचं सरकतं दार करकरतं. हे दोन दिवस अम्मींच्या डायलिसिसचे. मौद्याहून नागपूरच्या दवाखान्यात जाऊन-येऊन साधारण ७५ किलोमीटर होतात. एसटीची सोय आहे, पण चार तास मशीनला लागल्यावर माणसाला बसवत नाही, आडवं व्हावं लागतं. व्हॅनच्या मागच्या सीटवर गोधडी अंथरली की अम्मी तिथे निवांत पडतात. त्यामुळे कोणी जुनी गाडी काढून टाकायला सांगितलं, तर आम्ही नुसतं हसतो.

गाडी २००९ ची ओम्नी आहे. मारुतीने १९८४ साली ही 'मारुती व्हॅन' म्हणून आणली, १९८८ पासून तिला ओम्नी म्हणू लागले आणि २०१९ साली तिचं उत्पादन थांबलं. तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन, तेही पुढच्या सीटखाली, आणि गिअर चारच. अब्बांनी ती दुकानाचा माल आणायला घेतली होती. १५ वर्षं झाली तेव्हा आरटीओत तपासणी करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली. गाडी धडधाकट होती, फक्त पेट्रोल फार पीत होती.

एकदा परतताना पंपावर आम्ही दोघं पाकिटातल्या नोटा मोजत होतो. मागून अम्मी हळूच म्हणाल्या, "बेटा, गुरुवारचं सोडून देऊ. एकदा गेलं तरी चालतं मला."

चालत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्या रात्री आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी वही केली. नियम एकच ठेवला. एकाच पंपावर, नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, किलोमीटर लिहायचे. पुन्हा भरताना किती लिटर मावलं ते पाहून भागायचं. चार फेऱ्यांत ३०३ किलोमीटर झाले आणि २७.४ लिटर लागलं, म्हणजे लिटरला ११. महिन्याच्या ६०० किलोमीटरला ५४ लिटरहून जास्त, आणि लिटरचा भाव शंभराच्या वर.

हिवाळा होता. मौदा सोडलं की कन्हानचा पूल येतो. त्या दिवसांत पुलाखाली नदी दिसत नाही, नुसतं धुकं दिसतं. मागे वळून पाहिलं तर औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या तेवढ्या धुक्याबाहेर असतात. २३२० मेगावॅटचं ते केंद्र आता आमच्या गावाची खूण झालं आहे. दोन्ही बाजूंना धान कापलेली बांधी, धुऱ्यांवर गवत, कुठे कुठे धानाच्या ओलीवर पेरलेली लाखोळी. मग माथनीचा टोलनाका, महालगाव, कापसी, पारडी. इतक्या वेळा गेलो होतो, पण काचेबाहेर पाहत. वही आल्यापासून आम्ही डॅशबोर्ड पाहायला लागलो.

तिथेच पहिला धागा सापडला. इंजिनच्या तापमानाचा काटा महालगाव आलं तरी तळाशीच. गावातल्या मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी बॉनेट उघडलं, रेडिएटरच्या नळीला हात लावला आणि विचारलं, "थर्मोस्टॅट कोणी काढलं?"

काढलं होतं खरं. कुठल्याशा उन्हाळ्यात गाडी तापली म्हणून एका कारागिराने ते काढून टाकलं होतं आणि आम्हाला ते थंडावा देणारं शहाणपण वाटलं होतं. आपल्या विदर्भातल्या उन्हात हा उपाय अनेक जण करतात. पण थर्मोस्टॅट म्हणजे एक झडप. इंजिन तापेपर्यंत ती पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, ८० अंशांच्या आसपास उघडते. ती नसेल तर इंजिनला गरम व्हायला फार वेळ लागतो. थंड इंजिनला जास्त पेट्रोल द्यायचं, एवढंच आमच्या गाडीच्या इंजेक्शनच्या संगणकाला कळतं. म्हणजे सकाळी निम्म्या वाटेपर्यंत आम्ही चोक ओढल्यासारखे जात होतो. गाडी तापण्याचं मूळ कारण रेडिएटरमध्ये साचलेला गाळ होता. तो धुतला, नवीन झडप बसवली.

दुसरी गोष्ट हाताने कळली. मिस्त्रींनी सांगितलं, "घरी पोहोचलात की चारही चाकांजवळ हात न्या, बघा कुठलं तापलंय." मागचं डावं चाक तव्यासारखं. हात अजिबात टेकवायचा नाही, जवळ नेला तरी आच लागते. हँडब्रेकची तार गंजून अडकली होती आणि ब्रेक थोडा लागलेलाच राहत होता. जॅकवर उचलून चाक फिरवलं तर ते अर्ध्या फेऱ्यात थांबलं. म्हणजे कित्येक महिने आम्ही ब्रेक दाबून नागपूरला जात होतो!

बाकीचं किरकोळ. एअर फिल्टर झटकला तर धूळ आणि धानाचा कोंडा. तीन स्पार्क प्लग बदलले. टायरमधली हवा आता सकाळी, गाडी निघण्याआधी बघतो, कारण चाललेल्या टायरात ती जास्त दाखवते. आकडा गाडीच्या पुस्तकातला घेतो. अब्बांच्या काळापासून टपावर असलेलं लोखंडी कॅरिअर उतरवलं. ते उतरवताना मात्र जड गेलं. त्याच्यावरून किती पोती आली असतील! सगळा खर्च दोन हजारांच्या आत बसला. दुकानांत पेट्रोलच्या नळीला लावायचे चुंबक आणि टाकीत ओतायच्या बाटल्या मिळतात. त्यांना आम्ही हात लावला नाही.

पैसे न लागणारा उपाय सगळ्यात अवघड होता. तो म्हणजे वेग. ओम्नीची पेटी रुंद, वारा तिला छातीवर घ्यावा लागतो, आणि पाचवा गिअर नाही. ८० ने गेलं की इंजिन ओरडतं. पेट्रोल वाचवण्याचा प्रचार करणारी पीसीआरए ही सरकारी संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटर सांगते. महामार्गावर एवढ्या वेगाने जायचं म्हणजे ट्रकसुद्धा मागून हॉर्न देतो. आम्ही डाव्या पट्ट्यात ५५ धरलं आणि दहा मिनिटं आधी निघू लागलो. पुलाच्या उतारावर न्यूट्रल करण्याची जुनी सवयही सोडली. इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून पाय उचलला की पेट्रोल जवळपास बंदच होतं, आणि गाडी ताब्यातही राहते. टोल वाचवायला एकदा आडवाटेने गेलो होतो. खड्डे, दुसरा गिअर आणि मागे अम्मींचं कण्हणं. तो नाद सोडून स्थानिकांसाठीचा मासिक पास काढला.

पुढच्या चार फेऱ्यांत २९८ किलोमीटरला २०.५ लिटर लागलं, म्हणजे लिटरला साडेचौदा. महिन्याला तेरा लिटर वाचतात, तेराशे रुपयांच्या वर. याहून वर आकडा जाईना, म्हणून मिस्त्रींना छेडलं. ते म्हणाले, आता उरलं ते पेट्रोलमध्येच आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच, मुळात निव्वळ पेट्रोलसाठी बनवून १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज दिला आहे. त्यावर आपल्या गॅरेजात इलाज नाही. जुन्या रबरी नळ्या मात्र मिस्त्री दर सर्व्हिसिंगला दाबून पाहतात. पुढच्या सीटखालीच इंजिन आहे, तिथे गळती परवडणार नाही.

वही आता अम्मींच्या पर्समध्ये असते. पंपावर गाडी थांबली की त्या गोधडीवरून मान उचलतात. "किती?" आम्ही किलोमीटर सांगतो, लिटर सांगतो. त्या उर्दू आकड्यांत लिहितात, भागाकार तोंडीच करतात आणि चूक निघाली तर आमचीच निघते. गुरुवारचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. गेल्या सोमवारी १४.२ आलं तेव्हा मात्र भुवया चढवून विचारलं, "महालगावनंतर पळवलीस ना?"