न दुखणाऱ्या छातीची राखण

"काकू, मिश्री लावता का?" कर्करोगामुळे स्तन काढून तिथे इम्प्लांट म्हणजे कृत्रिम स्तन बसवायचं ठरलं, तेव्हा प्लास्टिक सर्जन मॅडमनी आधी हेच विचारलं. आमच्या साताऱ्याकडच्या बायकांना हे विचारावंच लागतं. आजीच्या मांडीला मांडी लावून बसताना लागलेली सवय होती माझी.

"आजपासून बंद. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आवळतात. स्तन काढल्यावर वरची कातडी पातळ उरते. तिला रक्त पोचलं नाही की कडा काळ्या पडतात, टाके उसवतात आणि जंतूंना इम्प्लांटपर्यंत वाट मिळते." ऑपरेशनआधी निदान 4 आठवडे आणि नंतरही तेवढेच, ही त्यांची अट. आधी केमो चालू असल्यानं तेवढा वेळ हाताशी होता. रक्तातली साखरही त्याच काळात ताब्यात आणली.

काखेतले केस घरी ब्लेडनं काढायचे नाहीत, असं सिस्टरनी बजावलं होतं. ब्लेडचे ओरखडे डोळ्यांना दिसत नाहीत, पण जंतू तिथेच मुक्काम करतात. आदल्या रात्री आणि सकाळी जंतुनाशक साबणानं अंघोळ. चिरा देण्याआधीच्या तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक. इम्प्लांट हातात घेण्याआधी सगळे हातमोजे बदलतात, हेही मॅडमनी सांगितलं.

एवढी काळजी का, ते मला मग कळलं. इम्प्लांटला रक्तपुरवठा नसतो. आपल्याच कातडीवरचे जंतू त्याला चिकटले की टाकीच्या भिंतीवर शेवाळ धरावं तसा बुळबुळीत थर करून बसतात. रक्तातून येणारं औषध त्या थरापुढे थिटं पडतं. मग बहुतेक वेळा इम्प्लांट काढावंच लागतं आणि नवं बसवायचं तर काही महिने थांबावं लागतं.

ऑपरेशन झालं आणि घरी आले ती जखमेतलं पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी घेऊनच. वहिनी साबणानं हात धुऊन नळीचा डबा रिकामा करायच्या, किती पाणी आलं ते वहीत लिहायच्या. सलग दोन दिवस 24 तासांत 30 मिलीच्या आत आलं, तेव्हा नळी निघाली. भेटायला आलेल्यांनी हळदीचा लेप सुचवला. वहिनींनी चहा दिला, लेप लावू दिला नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे. या ऑपरेशननंतर छातीची कातडी बधिर होते. दुखलं की कळेल, हा भरवसा तिथे चालत नाही. म्हणून मॅडमनी रोज आरशात बघायला सांगितलं होतं. सुरुवातीला बघवायचं नाही, तरी बघत होते. एका संध्याकाळी टाक्याखाली लाली दिसली. हात ठेवला तर गरम, दुखणं अजिबात नाही. वहिनींनी लगेच फोन लावला. रात्रीच भरती झाले, सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. लाली कुठवर आहे ते सिस्टर पेनानं आखून ठेवायच्या. हळूहळू ती रेघेच्या आत सरकली. इम्प्लांट वाचलं.

शेजारच्या खाटेवरची बाई दुखत नाही म्हणून घरीच थांबली होती. तिचं इम्प्लांट काढावं लागलं. दुखत नसेल तर कुणीही थांबेल, तिचं काय चुकलं?

बायांनो, असं ऑपरेशन झालं असेल तर रोज आरशात बघा. लाली, सूज, ताप, टाक्यातून पाणी, यातलं काहीही दिसलं तर सकाळ व्हायची वाट बघू नका. त्याच वेळी डॉक्टरांना फोन करा.