तिसरी पिन

लोणावळ्यात भाड्याने राहतेय म्हटलं, की पुण्यातले मित्र आधी चिक्की मागतात आणि मग वीकेंडला राहायला जागा. भिंतींना ओल येते का, असं कुणी विचारत नाही. येते ना! वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जुलैत भिंतीवर हात ठेवला की तळवा ओला.

अशा घरासाठी मी पुण्याच्या जुन्या बाजारातून पितळी वॉल लॅम्प आणला. मागून बोटभर लांबीच्या दोन वायरी, थेट भिंतीतल्या पॉइंटला जोडायच्या. पण घरमालकांची अट : भिंत फोडायची नाही. मग उपाय एकच, त्याला प्लग लावून खिळ्यावर टांगायचा.

कामशेतहून आलेले वायरमन म्हणाले, "टू-पिन लावून देतो ताई, दोन मिनिटांचं काम."

म्हटलं, "दादा, थ्री-पिनच लावा."

हा हट्ट उगाच नव्हता. आतली एखादी वायर सुटून पितळेला टेकली, तर अख्खा दिवा 'लाइव्ह'! अर्थिंग असेल तर करंटला जायला वाट मिळते आणि फ्यूज उडतो. नसेल तर करंट तिथेच दबा धरून बसतो, कुणाचा तरी हात लागेपर्यंत. त्यातून आमच्याकडचे हात पावसाळाभर ओले.

दादांनी मग काम मात्र झकास केलं. सगळं टेबलावरच, त्यामुळे विजेचा संबंध नाही. जुन्या वायरी काढून तीन तारांची नवी केबल घातली. पितळेच्या कडेने ती कापली जाऊ नये म्हणून भोकात रबरी बुश. होल्डर आट्यांचा होता, म्हणून तपकिरी म्हणजे फेजची तार मधल्या टोकाला आणि निळी आट्यांच्या बाजूला. हिरवी-पिवळी थेट पितळी अंगाला, स्क्रूने घट्ट. प्लगमध्येही हीच तार त्यांनी मुद्दाम जरा लांब ठेवली. केबल ओढली गेली तर ती सगळ्यात शेवटी सुटावी. (हे मला नव्हतं माहीत. आवडलं!)

मग त्यांनी पिशवीतून दोन वायरी जोडलेला एक बल्ब काढला. माझ्या टेबलाजवळच्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलला लावला, लख्ख. फेज आणि वरच्या मोठ्या भोकात लावला, अंधार. मेन बंद करून बोर्ड उघडला, तर मागे हिरवी वायरच नाही! भोक नुसतं शोभेचं. ज्या लोणावळ्याच्या तलावांचं पाणी खोपोलीला उतरवून टाटांनी १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली, त्या गावातली ही तऱ्हा.

स्वयंपाकघरात, मिक्सरच्या सॉकेटवर मात्र तो बल्ब दोन्ही वेळा पेटला. त्यामुळे सध्या माझं ऑफिस फ्रिजशेजारी आहे. दिव्यात नऊ वॅटचा एलईडी, उजेड पिवळसर, लेख लिहिताना मागे कुकरच्या शिट्ट्या.

आरसीसीबीसाठी घरमालकांना फोन केलाय. तीस मिलिअँपिअरचा, करंट भलतीकडे गळायला लागला की क्षणात मेन तोडतो. "गणपतीनंतर बघू," म्हणाले. तोवर रात्री झोपताना मी प्लग काढून ठेवते, आणि दर आठवड्याला फोन करते.