गीत, संगीत, स्वर आणि विरार फास्ट

जुन्या मराठी भावगीताखाली तीन रकाने असतात. गीत, संगीत, स्वर. तिन्हींत बहुतेक वेळा वेगवेगळी नावं. ‘शुक्रतारा मंद वारा’चे शब्द मंगेश पाडगांवकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, आवाज अरुण दाते आणि सुधा मल्होत्रांचे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेलं ‘गीतरामायण’ गदिमांनी लिहिलं, बाबूजींनी स्वरबद्ध केलं. आमच्या ऑफिसातही असंच असतं. फ्रंटएंडवाला डेटाबेसला हात लावत नाही.

इंग्रजीत ‘सिंगर-साँगरायटर’ म्हणतात, तसा सुटसुटीत शब्द मराठीत रुळलेला नाही. माणसं मात्र होतीच. वामनदादा कर्डक, अण्णाभाऊ साठे स्वतः लिहायचे आणि स्वतः गायचे. पण त्यांच्या गाण्यातला ‘मी’ एकट्याचा नसायचा, त्याच्या मागे अख्खी वस्ती उभी असायची. नोकरी करणारा, हप्ते भरणारा, कुणाच्याच पुढे उभा नसलेला माणूस स्वतःचं लिहून स्वतःच गातोय, हे माझ्या पिढीने पहिल्यांदा ऐकलं ते संदीप खरे यांच्याकडून.

खरे पुण्याचे, जन्म १९७३चा. आधी ‘दिवस असे की’ हा अल्बम आला आणि २००३ साली डॉ. सलील कुलकर्णींसोबत ‘आयुष्यावर बोलू काही’. शब्द खऱ्यांचे, बहुतेक चाली सलील यांच्या, गाणार दोघंही. रंगमंचावर फार काही नसतं. हार्मोनियम, थोडे वादक, दोन माणसं आणि मधेमधे गप्पा. याचे हजारावर प्रयोग झाले, महाराष्ट्रात आणि परदेशात. पुढे ‘नामंजूर’ आला, मुलांसाठी ‘अग्गोबाई ढग्गोबाई’ आला, वैभव जोशींबरोबर नुसत्या कवितांचा ‘इर्शाद’ही झाला. गाणी चालली म्हणून कविता सोडली असं झालं नाही, हे मला आवडतं.

खऱ्यांचा आवाज घोटलेला नाही. कॉलेजात आमच्या ग्रुपमधला शास्त्रीय शिकलेला एक मित्र नाक मुरडायचा. मला वाटतं, तोच मुद्दा आहे. तयारीचा गायक दमलेल्या माणसाचं गाणं म्हणतो तेव्हा आधी त्याची तयारी ऐकू येते. खरे म्हणतात तेव्हा आधी माणूस ऐकू येतो.

त्यांचं माझं सगळ्यात आवडतं गाणं ‘मी मोर्चा नेला नाही’. हे निषेधाचं गाणं नाही, निषेध न केल्याचं गाणं आहे. वसईत राहून ते ऐकताना जरा जास्त टोचतं. कारण हा मोर्च्यांचा प्रदेश. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ इथेच उभी राहिली. बिल्डरांविरुद्ध, झाडांसाठी, विहिरींच्या पाण्यासाठी इथली माणसं रस्त्यावर आली. २००९ साली महानगरपालिका झाल्यावर गावं तिच्यातून वगळा म्हणूनही आली. आणि आम्ही? ज्या बिल्डिंगांविरुद्ध हे सगळं चाललं होतं, तशाच एका बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो होतो. नालासोपारा पूर्व, वन रूम किचन. मुंबईत घर परवडत नव्हतं, हे आमचं साधं कारण. बाबांना मोर्च्याच्या बाजूचं किंवा विरुद्धचं मत असायला सवड नव्हती. सहा चाळीसची गाडी होती.

विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. फास्ट असली तरी एका बाजूला सव्वा तास धरावाच लागतो. त्यात स्टेशनपर्यंतची रिक्षा, लोअर परळला उतरून चालणं. रोजचे साडेतीन-चार तास प्रवासातच. तेही बहुतेक उभ्याने, किंवा बसायला मिळालंच तर चौथ्या सीटवर, अर्धं शरीर हवेत. नायगाव आणि भाईंदरच्या मधल्या खाडीपुलावर वारा लागतो, तेवढीच काय ती मोकळी हवा. मी उठायच्या आधी बाबा गेलेले असायचे आणि मी झोपल्यावर यायचे. रविवारी ते घरी असायचे, पण झोपलेले असायचे.

त्यामुळे ‘दमलेल्या बाबाची कहाणी’ मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुणीतरी आमच्या घरात येऊन बघून गेलंय असं वाटलं. शब्द खऱ्यांचे, संगीत सलील यांचं. बाप उशिरा घरी येतो, मुलगी झोपलेली असते. तिला गोष्ट सांगायची राहून गेलीय, म्हणून तो स्वतःचीच गोष्ट सांगतो. ती मोठी होऊन सासरी जाईल तेव्हा तिला हा बाबा आठवेल का, इथपर्यंत तो विचार करत जातो. कार्यक्रमात हे सुरू झालं की रुमाल निघतात. एवढं रडवणं बरं नाही असं म्हणणारेही आहेत, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असं नाही. गाणं शेवटाकडे जाताना गळ्याशी येतं हे मलाही कळतं. तरी मी ते पुढे ढकलत नाही.

बाबांना मी ते हेडफोन लावून ऐकवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, हेडफोन काढून व्यवस्थित गुंडाळले आणि म्हणाले, “त्याला घरी आल्यावर गाणं तरी सुचतं. मला जेवण गरम करायचंही सुचायचं नाही.”

पण खऱ्यांनी हे घर त्याआधीही एकदा लिहिलंय, आणि त्याबद्दल कुणी फार बोलत नाही. ‘आयुष्यावर बोलू काही’मध्ये ‘दूर देशी गेला बाबा’ आहे. बाबा लांब, आई कामावर, आणि घरात एकटं मूल. तिथे मुलाची बाजू आहे. काही वर्षांनी आलेल्या दुसऱ्या गाण्यात बाप गातो. एकच फ्लॅट, एकदा आतून आणि एकदा दरवाजात उभं राहून पाहिलेला. मला विचाराल तर पहिलं गाणं जास्त खरं आहे. त्यातलं मूल कुणाकडून काही कबूल करून घेत नाही. ते फक्त घरात आहे.

मी ते मूल होते. किल्ली शेजारच्या काकूंकडे असायची. शाळेतून आले की ती घ्यायची, आतून कडी लावायची, पोळी-भाजी डब्यातून काढून खायची. आई अंधेरीला एका छोट्या कंपनीत होती, बाबांच्या आधी यायची. लेडीज डब्यात बायका भाजी निवडतात तशी तीही निवडत यायची. घरी पोचायची तेव्हा गवार मोडून तयार, पिशवीत.

म्हणजे दोन गाण्यांमध्ये मुलाची बाजू झाली, बापाचीही झाली. आई पहिल्या गाण्यात आहे, पण कामावर गेलेली. ती गाडीत उभी असताना तिच्या डोक्यात काय चालायचं, ते गाणं माझ्या प्लेलिस्टमध्ये नाही. खऱ्यांनी ते का लिहिलं नाही अशी तक्रार मी करणार नाही. जो स्वतःचं लिहून स्वतः गातो, तो बापाच्या आवाजातच गाणार. आपलंच गायचं ठरवलं की त्याला एवढी मर्यादा येतेच. भावगीतात पुरुष कवी बाईचं मन लिहायचा आणि ते लताबाई, आशाबाई गायच्या. तीन रकान्यांचा तो फायदा होता.

आता आठवड्यातून तीन दिवस मी गोरेगावला ऑफिसला जाते. परतताना विरार लोकलच्या लेडीज डब्यात शिरते आणि कानात खरे असतात. शेजारी कुणीतरी मेथी निवडत असते. रिलीज असली की अकरा वाजतात, आणि आता आई-बाबा झोपलेले असतात. या बाजूचंही गाणं अजून कुणी लिहिलेलं मी ऐकलेलं नाही.

मागच्या महिन्यात मी आईला दोन्ही गाणी पाठोपाठ ऐकवली. ती लसूण सोलत होती. पहिलं संपल्यावर तिचे हात थांबले. दुसरं चालू असताना ती पुन्हा सोलायला लागली. मग तिने विचारलं, यांचा कार्यक्रम आपल्याकडे होतो का? मी म्हटलं, कधी बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरेला लागला तर जाऊ. ती म्हणाली, “चालेल. पण परत यायला बोरिवलीहून चढायला मिळेल का ते आधी बघ.”