न संपणारा हिरवा



चातुर्मासात पापड-लोणच्यांचा व्याप नसतो, म्हणून यंदा आठवड्यातले दोन दिवस मी सापगावला जात होते. शहापूर-मुरबाड रस्त्यावरचं, भातसेच्या काठचं गाव. तिथल्या एका प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना गोष्टी सांगायच्या, एवढंच ठरलं होतं. शाळेत एक टॅब होता. आपल्या तालुक्यात टॅबचं नवल उरलेलं नाही. पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा संदीप गुंड सरांमुळे डिजिटल शाळा म्हणून राज्यभर गाजली, तेव्हापासून गावोगावचे पालकही विचारतात. बाई म्हणाल्या, "ताई, रंगवायचे खेळ दाखवा की मुलांना."

मी नेटवर सापडलेली पहिली फुकटची साइट उघडली. पोपटाचं चित्र. पंखाला बोट लावलं की अख्खा पंख एका क्षणात हिरवा! मुलं खूश. चौथ्या चित्रानंतर मधेच जाहिरात आली, बंदुकीच्या खेळाची. एका पोराने बोट लावलं, हरीण पडलं, आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी टॅब पालथा घातला. घरी पाणी गाळून घेणारी बाई मी, आणि मुलांपुढे हे न गाळताच ओतलं. आधी घरी बघायला काय झालं होतं?

त्या दिवशी सूर्यास्ताआधी जेवणं उरकून भाच्याला घेऊन बसले. त्याने 'टक्स पेंट' शोधून दिलं. २००२ पासून आहे म्हणे, फुकट आहे, मराठीतही चालतं. एकदा टॅबवर घेतलं की नेट लागत नाही आणि जाहिरात नाही. रंगवायच्या चित्रांच्या काळ्या रेघा वरच राहतात, मुलाने कितीही फासलं तरी पुसत नाहीत. सोबत 'जीकॉम्प्री' घेतलं, त्यात अक्षरांचे, बेरजांचे शंभरावर खेळ. (बेरजेत मुलं विचार न करता दिसेल तिथे बोट मारतात. बाईंनी नियम केला, उत्तर आधी मोठ्याने बोलायचं, मग बोट. ही युक्ती घरच्या मोबाईललाही लावा.)

एका बोटात पंख भरणारा प्रकार मात्र मी बंद केला. त्यात हाताला काही कामच नाही. ब्रशने, बोट फिरवून रंगवायचं.

मागच्या ओळीत एक मुलगी बसायची. कागदावर तिला चित्र दिलं की नुसती कडेकडेने हिरवी रेघ ओढून परत द्यायची. मला वाटायचं, आळशी आहे. एकदा तसं बोललेही. टॅबवर तिची पाळी आली. शेताचं चित्र होतं. तिने बोट टेकवलं आणि फिरवत राहिली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, एक ठिपका पांढरा ठेवला नाही. मग हळूच विचारलं, "ताई, ह्यो रंग सपत नाय?"

"नाही गं."

तिने फ्रॉकच्या खिशातून खडू काढून दाखवला. नखाएवढा तुकडा, हिरवा. दोन भावंडांत तो एकच.

इथे मी तुम्हाला अपरिग्रहावर कितीदा लिहिलं असेल! वस्तू कमी ठेवा, जपून वापरा. आपण ठरवून कमी ठेवतो, हिच्याकडे होताच एवढा. आणि मी तिला आळशी म्हटलं होतं.

पुढच्या वेळी खडूंचा मोठा डबा नेला, वर्गाच्या मधोमध ठेवला. कुणाचा एकट्याचा नाही, संपला तर संपला. पहिल्याच दिवशी तिने एवढा जोर दिला की खडू मोडला. दचकून माझ्याकडे पाहिलं. मी दुसरा पुढे केला.

दिवाळीनंतर तिचे आईबाप वीटभट्टीवर गेले, तीही गेली. जाण्याआधी मी डबाच देऊ केला होता. तिने त्यातला हिरवा तेवढा घेतला, बाकीचे नीट लावून ठेवले.

टॅबवर जुनी चित्रं छोटी छोटी दिसतात, त्यात तिचं शेत आहे. परवा बाईंनी विचारलं, जागा कमी पडतेय, पुसू का ही? मी म्हटलं, जूनपर्यंत राहू द्या.