भाजणीचे डबे

बदलीच्या नोकरीत आम्ही तिघे भाऊ तीन प्रांतांत विखुरलो, तरी आमच्या मातोश्रींची भाजणी एकदाच होत असे. धान्ये भाजण्याचा, गिरणीत ताटकळण्याचा खटाटोप एकाच घरी. मग तीन डबे तीन गावांना रवाना होत.

याची आठवण होण्यास कारण आमच्या भोपाळच्या कचेरीतील सहा संगणक. त्यांवर युनिक्सच्या कुळातील फ्रीबीएसडी ही प्रणाली होती. तिच्यात 1994 पासून ‘पोर्ट्स’ नावाचा संग्रह आहे. मूळ संहिता आणून आपल्याच यंत्रावर कंपाइल करण्याच्या कृती त्यात असतात. मोठ्या प्रोग्रॅमला तासन्‌तास लागतात. तेच भाजणे सहा वेळा कशासाठी?

आम्ही सोपी वाट धरली. सन मायक्रोसिस्टिम्सने 1985 साली सनओएसबरोबर दिलेली एनएफएस ही सोय एका यंत्रावरील फाइली दुसऱ्यास स्वतःच्याच असल्यासारख्या दाखवते. तयार प्रोग्रॅमांची कोठी एका यंत्रावर ठेवून उरलेल्या पाचांना आम्ही तिकडे वळवले. या चतुराईचा आनंद दोन महिने टिकला. मार्चअखेर हिशेबाच्या रात्री ते एक यंत्र बंद पडले आणि बाकीची पाच, धडधाकट असूनही, ‘सर्व्हर उत्तर देत नाही’ एवढाच जप करीत बसली. आमचे वयस्क कारकून पहाटेपर्यंत हाताने बेरजा मांडीत होते. आम्हांला कोणी बोलले नाही. तेच अधिक लागले.

मग उमगले, की मातोश्रींनी स्वयंपाकघर कधी वाटले नव्हते. डबे वाटले होते. पुढे आम्ही तसेच केले. एक यंत्र कंपाइल करून ‘मेक पॅकेज’ या आज्ञेने गाठोडे बांधी. गाठोड्यांचे फडताळ नेटवर्कवर केवळ वाचण्यापुरते खुले असे. प्रत्येक यंत्र आपला डबा स्वतःच्या डिस्कवर उतरवून घेई. फडताळ बंद पडले, तर नवे मिळणे तेवढे थांबे, जुने चालू राही.

पथ्ये दोन. प्रोसेसरची जात व प्रणालीची आवृत्ती जुळली पाहिजे. इंटेलसाठी बांधलेले एआरएमला पचत नाही. आणि नवा डबा आधी एकाच यंत्रावर चाखावा, नाहीतर एकच खडा सहा घरी दातांखाली येतो.

मातोश्री आता नाहीत. यंदा भाजणी आमच्या घरी झाली. दोन डबे टपालाने गेले. पण त्याआधी एक थालीपीठ आम्ही लावून पाहिले.